मग बरोबर बारा वाजता का नाही?

गच्चीवरची | १७ मे, रात्री १०:४०

मंडळी, लिहायला बसले ते शून्य सावलीबद्दल, पण धागा भलतीकडेच जाणार आहे. आधीच माफी मागून ठेवते.

१३ मे, पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येण्याचा दिवस. लेक यंदा सातवीत जाईल. तिने सकाळपासून सोसायटीच्या गच्चीवर दुकान मांडलं होतं. स्टीलचा पेला, पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, आजीच्या खलबत्त्यातला बत्ता, खालच्या मजल्यावरच्या दोघा भावांचा क्रिकेटचा स्टंप. फरशी अशी तापलेली की चपला असूनही पाय एका जागी ठरत नव्हते. सव्वाबाराला पाइपची सावली पेरभर उरली, मग नखाएवढी, आणि १२:३१ ला गायब. पाइपमध्ये वरून डोकावलं तर तळाशी उन्हाची वाटोळी टिकली. बत्त्याची सावली बत्त्याने पोटाखाली घेतलेली. पोरांनी आरडाओरडा केला, फोटो काढले आणि सगळी कोकम सरबताकडे पळाली.

ही तिथेच बसून. "आई, साडेबारा होऊन गेले की. सूर्य डोक्यावर म्हणजे दुपारचे बारा ना? मग बरोबर बारा वाजता का नाही?"

नवऱ्याने खुर्चीतूनच तोंड उघडलं होतं. मी असं काही बघितलं की तो निमूट सरबत प्यायला लागला.

याला कारण आहे. मागच्या वर्षी वेताळ टेकडीवर तिने विचारलं होतं, "बाबा, या दगडाला इतकी भोकं कुणी पाडली?" बाबांनी लाव्हारस, त्यातले वायूचे बुडबुडे, दख्खनचं पठार, साडेसहा कोटी वर्षं, असं सगळं टेकडी उतरेस्तोवर सांगितलं. एक शब्द चुकीचा नव्हता. ती "बरं" म्हणाली. त्याआधी तिच्या दप्तरात कायम दोन-चार दगड असायचे, पांढरे स्फटिक अडकलेले तर हमखास. त्यानंतर तिने एकही दगड उचलल्याचं मला आठवत नाही.

म्हणून या वेळी मी उलट विचारलं, तुला काय वाटतं? तिने तीन कारणं दिली. एक, आपलं घड्याळ पुढे आहे. दोन, पाइप तिरका होता. तीन, पुण्याचा सूर्य उशिरा येतो.

तिसऱ्यावर मी मोठ्याने हसले. थोड्या वेळाने जिना उतरताना हसू ओसरलं.

घड्याळ मोबाइलशी ताडून झालं. पाइपसाठी तिने समोरच्या बांधकामावरच्या मिस्त्रीकाकांकडून अर्ध्या तासाच्या बोलीवर ओळंबा आणला. पाइप सरळच होता. उरला उशिरा येणारा सूर्य. तिने नागपूरच्या मावशीला फोन लावला : "उद्या दुपारी अंगणात काठी उभी कर आणि सावली सगळ्यात आखूड कधी होते ते सांग." मे महिन्यात, नागपुरात! मावशी आधी म्हणाली, "पोट्टे, जीव घेतेस का माझा?" आणि मग छत्री घेऊन उभी राहिली. उत्तर आलं, बाराला दहा-बारा मिनिटं झाली तेव्हा.

आता आमच्या फ्रिजवर कागद आहे. "नागपूरचा सूर्य आपल्या २० मिनिटं आधी." त्याखाली : "आजोळी (रत्नागिरी)???" 

तुमच्याकडे आहेत का असे लांबलेले प्रश्न? लगेच उत्तर न दिल्याने काही घडलं, किंवा चांगली फजिती झाली, दोन्ही वाचायला आवडेल.

---

बिनचूक | १७ मे, रात्री ११:०२

यात रहस्य काहीच नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. पुणे ७३.८५ अंशांवर. फरक ८.६५ अंश. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते, म्हणजे सुमारे ३५ मिनिटं. मेच्या मध्यात आणखी एका कारणाने साडेतीन-चार मिनिटं वजा होतात, म्हणून १२:३१. नागपूर ७९.१ अंशांवर, म्हणून २१ मिनिटं आधी. रत्नागिरी पुण्याच्या पश्चिमेला, म्हणजे दोनेक मिनिटं नंतर.

पाच ओळींचं उत्तर असताना मुलीला चार दिवस आणि मावशीला नागपूरच्या उन्हात उभं करून नेमकं काय साधलं, हे कळलं नाही.

---

टेकडीकर | १८ मे, सकाळी ६:१५

बिनचूकराव, रहस्यकथेच्या धाग्यावर पहिल्याच प्रतिसादात खुनी सांगणारे तुम्हीच का? हलके घ्या.

ताई, लेकीला एक गोष्ट जरूर सांगा. आमच्या वडिलांच्या लहानपणी घरात दोन वेळा बोलल्या जायच्या. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने आपली 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजोबा पुण्यात राहूनही विचारायचे, "गाडी कुठल्या टायमाने?" 'पुण्याचा सूर्य उशिरा येतो' हे तुमच्या पोरीने शून्यातून काढलं. आमच्या आजोबांच्या पिढीला ते बोलण्यातलं होतं. आपण विसरलो.

---

फळा आणि खडू | १८ मे, दुपारी ३:३०

धागा आवडला, पण शिक्षिका म्हणून थोडं कडू लिहिते.

माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत आणि तास ३५ मिनिटांचा. हजेरी, वह्या, "बाई याने मारलं" हे वजा जाता हाती २५. 'तुम्हाला काय वाटतं' म्हटलं की वीस हात वर येतात, त्यातले पंधरा पाणी प्यायला जाण्यासाठी. मे महिन्यात गच्चीवर एका मुलीची आई असणं आणि जानेवारीत पोर्शन मागे पडलेली बाई असणं यात फरक आहे. प्रशिक्षणात आम्हाला 'मुलांची जिज्ञासा जागवा' असं सांगतात, आणि ते सांगणारे साहेब प्रश्नोत्तरांसाठी पाच मिनिटंसुद्धा ठेवत नाहीत.

तरीही एक करते. फळ्याचा उजवा कोपरा चौकोन आखून राखून ठेवलाय. त्यात आठवड्याला एकच प्रश्न, मुलांचाच. तासात त्यावर बोलायचं नाही. मधल्या सुट्टीत हवं ते करा.

मागच्या वर्षी एका मुलाने लिहिलं, "चहाचा डाग वाळला की कडेला काळा आणि मधे फिका का?" त्याच्या वडिलांचं अमृततुल्य आहे, टेबलं पुसणं याच्याकडे. मला उत्तर येत नव्हतं. अगदी खरं सांगायचं तर मी कधी तो डाग नीट पाहिलाच नव्हता. त्या आठवड्यात मुलांनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर आणि डब्याच्या झाकणावर थेंब टाकले : चहा, हळदीचं पाणी, शाई, मिठाचं पाणी, एकीने तर वरणाचं निवळ. हळदीचं कडं झकास आलं. पुठ्ठ्याने थेंब पिऊनच टाकला, तिथे कडं नाही. एकाने थेंबावर वाटी पालथी घातली आणि तो दुसऱ्या दिवशीही ओला राहिला. हे त्याला कुणी सुचवलं नव्हतं.

परीक्षेत यातलं काही आलं नाही, हेही नोंदवते.

---

मधली सुट्टी | १८ मे, रात्री ९:१०

फळा आणि खडू बाई, तुम्ही माझ्या वर्गाला असतात तर! आठवीत मी विचारलं होतं, "सर, बर्फ पाण्यावर तरंगतो तर तूप गोठलं की तळाशी का जातं?" घरी बघितलेलं होतं, पातळ तुपात गोठलेला गोळा खाली बसतो. उत्तर मिळालं, "तुपाचं काय ते आईला विचार, इथे आगाऊपणा नको." वर्ग हसला. दहावीपर्यंत मी विज्ञानाच्या तासाला हात वर केला नाही. आज चाळिशी ओलांडली तरी तो हशा ऐकू येतो. (बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात आणि जड होतात, पाणीच विक्षिप्त आहे, हे पुढे कॉलेजात कळलं. म्हणजे प्रश्न विचित्र नव्हता, पाणी विचित्र होतं.)

यावरून एरास्टो म्पेम्बा आठवला. टांझानियातला शाळकरी मुलगा. १९६३ साली शाळेत आइस्क्रीम करताना घाईत त्याने दूध-साखरेचं मिश्रण गरमच फ्रीझरमध्ये ठेवलं आणि ते इतरांच्या आधी गोठलं. सरांना विचारलं तर 'हे म्पेम्बाचं फिजिक्स' म्हणून चेष्टा झाली. पुढे डेनिस ऑस्बोर्न नावाचे प्राध्यापक त्याच्या शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर पुन्हा तोच प्रश्न विचारला. मुलं पुन्हा हसली. ऑस्बोर्न यांनी मात्र जाऊन करून बघितलं. १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख आला. गंमत म्हणजे गरम पाणी खरोखर आधी गोठतं का, केव्हा, आणि का, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

त्या पोराने दुसऱ्यांदा हात वर केला, याचंच मला जास्त अप्रूप.

---

बिनचूक | १९ मे, सकाळी ८:४५

मी खलनायक ठरतोय असं दिसतं, तेव्हा एकदा सविस्तर.

चहाच्या डागाचा प्रश्न शिकागोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सोडवला. थेंबाची कड पृष्ठभागाला घट्ट धरून बसते, सरकत नाही. कडेला पाणी सर्वांत झपाट्याने उडतं. उडालेल्याची भरपाई करायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि येताना बारीक कण घेऊन येतं. पालथ्या वाटीखाली हवा दमट होते, पाणी उडायचं थांबतं. त्या मुलाने बरोबर तीच कळ दाबली, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या.

आता मुद्दा. हे उत्तर छापलं गेलं म्हणूनच २०११ मध्ये दुसऱ्या कुणाला विचारता आलं की कण गोल नसून लांबट असतील तर? आणि कळलं की लांबट कण वरच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकतात, कडं जमत नाही, डाग सारखा पसरतो. आधीचं उत्तरच माहीत नसतं तर हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला असता? सगळ्यांनी सगळं गच्चीवर शोधायचं म्हटलं तर प्रत्येक पिढी बत्त्याच्या सावलीशीच अडकेल. कुतूहलाच्या नावाखाली माहितीला कमी लेखणं मला पटत नाही.

---

गच्चीवरची | १९ मे, दुपारी १:२०

बिनचूक, हे पटलं. मनापासून. माझं भांडण उत्तराशी नाही, त्याच्या वेळेशी आहे. दगडाच्या भोकांचं उत्तर दोन दिवसांनी मिळतं तर कदाचित तिने स्वतःच विचारलं असतं.

दुसरी गोष्ट मला इथे लिहितानाच जाणवली. तिचा 'का' कुणीतरी सांगितलं की संपतो. 'असं केलं तर?' तसा संपत नाही, त्याला ओळंबा लागतो, मावशी लागते. 'का'ला 'असं केलं तर'कडे ढकलणं एवढंच बहुधा आपल्या हातात आहे. आणि सगळेच प्रश्न काही ढकलले जात नाहीत. "देव आधी की डायनासोर" याला मी अजून हात घातलेला नाही.

---

टेकडीकर | १९ मे, सायंकाळी ७:००

'असं केलं तर' म्हणजे कापरेकर मास्तर. द. रा. कापरेकर, फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीला शाळेत शिक्षक. पीएच.डी. नाही की विद्यापीठात खुर्ची नाही. आपल्याकडचे बरेच गणिती त्यांच्या आकड्यांना पोरखेळ म्हणायचे. १९७५ मध्ये अमेरिकेत गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने लिहिलं आणि मग जगाला नाव कळलं.

काल नातीसोबत केलं. चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. आम्ही पुण्याच्या पिनकोडचे पहिले चार घेतले, ४११०.

४११० − ०११४ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आणि ६१७४ चं पुन्हा केलं तर ६१७४च. कुठलीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत इथेच येऊन बसते. मास्तरांना हे १९४९ मध्ये सापडलं.

नातीने पाच मिनिटं डोळे मोठे केले आणि म्हणाली, "पाच आकडी घेतली तर?" मला माहीत नव्हतं. रात्री साडेदहापर्यंत वजाबाक्या. आम्हाला ५३९५५ मिळाले, त्याचे ५९९९४, त्याचे परत ५३९५५. गोल गोल! एकाच संख्येवर थांबतच नाही. मग म्हणे दोन आकडी. तिथेही ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. तीन आकडीत मात्र ४९५ वर ठाण मांडतं.

तीन आणि चारलाच थांबतं, दोन आणि पाचला फिरत राहतं. का, ते विचारू नका. सूनबाई दोनदा येऊन दिवा बंद करून गेल्या.

---

हापूस नाही पायरी | १९ मे, रात्री ११:५५

ऑफिसचा रिपोर्ट उद्या द्यायचाय आणि मी ४११०३८ करत बसलोय. धन्यवाद काका. :(

---

शंकू | २० मे, सकाळी ७:३०

अवांतर नाही, कामाचं लिहितो. तरुणपणी टिळक स्मारकमधल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत (आकाशनिरीक्षकांची संस्था) बराच पडीक असायचो, तिथली सवय.

सावली 'सर्वांत आखूड' कधी हे डोळ्याने पकडणं अवघड, कारण माध्यान्हीच्या आसपास लांबी फार हळू बदलते. त्यापेक्षा आपली जुनी रीत वापरा, कात्यायन शुल्बसूत्रात दिलेली. सपाट जागी काठी उभी करा, तोच शंकू. त्याच्या बुंध्याभोवती दोरीने वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक बाहेरून आत येताना वर्तुळाला शिवेल, तिथे खूण आणि वेळ. दुपारी आतून बाहेर जाताना पुन्हा शिवेल, तिथे खूण आणि वेळ. दोन वेळांचा मध्य म्हणजे तुमची खरी माध्यान्ह. दोन खुणा जोडा, पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. यज्ञवेदीच्या दिशा अशाच आखत. दोन-तीन वर्तुळं काढा, म्हणजे एका वेळी ढग आला तरी दुसरं हाताशी असतं.

आणि हो, जूनमध्ये सोडू नका. का ते सांगत नाही.

---

गच्चीवरची | २३ जून, रात्री १०:०५

धागा वर काढते आहे. शंकू काका, तुमच्या 'का ते सांगत नाही'ने महिनाभर घर वेठीस धरलंय.

झाडूचा दांडा बरोबर एक मीटर कापला आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंटने उभा केला. वर्तुळं खडूने. पाऊस लांबल्यामुळे ऊन मिळत गेलं. २१ तारखेला दुपारी ती धावत खाली आली, "आई, सावली उलटी पडलीये!" मला वाटलं दांडा पडला. वर गेले तर सावली दक्षिणेला, वीतभरसुद्धा नाही, साडेआठ सेंटिमीटर. आयुष्यभर दुपारची सावली उत्तरेला बघितलेली, किंवा खरं तर बघितलेलीच नाही. सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला गेलाय आणि तो परत येताना पुन्हा डोक्यावरून जाणार, हे तिने हातातला खडू दांड्यावरून पुढेमागे नेऊन मला समजावलं. म्हणजे शून्य सावली वर्षातून दोनदा! तारीख तिने पंचांगातून काढली, ३०-३१ जुलै.

पण आता नवा घोळ. मेअखेर आमची माध्यान्ह १२:३२ ला येत होती. २१ जूनला १२:३७. दोन-तीन मिनिटांची चूक धरली तरी सरकतेय हे नक्की. पुणे तर जागचं हललं नाही. "मग सूर्याचं घड्याळ बिघडलंय का?" असा कागद फ्रिजवर लागला आहे.

---

बिनचूक | २३ जून, रात्री १०:११

याचं उत्तर मला माहीत आहे.

सांगू का?

---

गच्चीवरची | २३ जून, रात्री १०:१२

तिला नको. मोठ्यांसाठी लिहा.

---

बिनचूक | २३ जून, रात्री १०:३०

पांढऱ्या शाईत लिहितोय. बोट फिरवलं तरच दिसेल, कन्येला दाखवू नका.

पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे, सूर्याजवळ असताना ती जोरात पळते, लांब असताना रेंगाळते. शिवाय तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला. या दोन्हींमुळे एका माध्यान्हीपासून दुसरी बरोबर २४ तासांनी येत नाही, काही सेकंद इकडेतिकडे होतात आणि ते साठत जातात. घड्याळ वर्षभराची सरासरी पाळतं, सूर्य पाळत नाही. जुलैअखेर पुण्याची माध्यान्ह १२:४१ ला असेल. दोन्ही शून्य सावल्यांत दहा मिनिटांचं अंतर.

(मावशींना माझा नमस्कार सांगा.)

---

फळा आणि खडू | २४ जून, सकाळी ६:५०

शाळा सुरू झाली. फळ्याच्या कोपऱ्यात या आठवड्याला 'सूर्याचं घड्याळ बिघडलंय का?' लिहिते आहे. कुणाचा प्रश्न म्हणून लिहू?

---

गच्चीवरची | २४ जून, सकाळी ७:०५

"कोथरूडची एक मुलगी" लिहा म्हणाली. खूश आहे.

---

गच्चीवरची | ३१ जुलै, दुपारी २:१५

रविवार गाठून आजचा मुहूर्त धरला. एक दिवस इकडेतिकडे झाल्याने मीटरच्या दांड्याला जेमतेम चार मिलिमीटरचा फरक पडतो, हे तिचं गणित. तिने भाकीत लिहून पाकिटात बंद करून ठेवलं होतं : १२:४०. जूनमधला सरकण्याचा वेग मोजून, तो पुढे मंदावेल असं धरून. पांढरी शाई तिने वाचलेली नाही, याची मी शपथ घेते.

साडेबाराला गच्चीवर आम्ही सातजण. तेच पेला, पाइप, बत्ता, स्टंप, आणि आता दांडा. आभाळ पुण्याच्या जुलैला शोभेल असं, वरून गोधडी टाकल्यासारखं. १२:३५, काही नाही. १२:४१, काही नाही. मधेच भुरभुर सुरू झाली आणि खडूची वर्तुळं पुसली गेली. मी म्हटलं, जाऊ दे गं, पुढच्या मेमध्ये.

तर ती दांड्याकडे बघून म्हणते, "सावली नाहीच आहे. म्हणजे शून्यच झाली की." बाबा खो खो हसले. ती हसली नाही. तिने हाताचा पंजा पेल्यावर धरला, वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

"आई, सूर्य दिसत नाही तरी एवढा उजेड आहे. हा येतोय कुठल्या बाजूने?"

---

बिनचूक | ३१ जुलै, दुपारी २:३१

टाइप केलं होतं. खोडलं.